हार्टनीच्या दोघी

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या प्रांतांत बायकांना मताचा हक्क कसा मिळाला हे वाचायला घेतलं, की पहिल्याच पानावर एक नाव भेटतं : नेली मॅक्लंग. नाव मोठंच आहे, त्यात वाद नाही. ओटावाला संसदेच्या आवारात २००० साली तिचा पुतळा उभा राहिला. २००४ साली ती पन्नास डॉलरच्या नोटेवरही आली. पण तिच्या चरित्रातली १९१२ ते १९१७ या वर्षांची पानं उलटताना मला दोन बहिणी सारख्या कडेला उभ्या दिसायच्या. कल्पना एकीची, लेख दुसरीचा, कायद्याच्या मसुद्यातली खोच पकडली दोघींनी मिळून. आणि १९१७ नंतर दोघी त्या पानांतून एकदम नाहीशा! कुठे गेल्या, का गेल्या, हे शोधता शोधता जे हाती लागलं ते आज तुम्हांला सांगायचं आहे.

थोरली लिलियन बेनन, जन्म १८७४. धाकटी फ्रान्सिस मॅरियन बेनन, जन्म १८८४. दोघींमध्ये दहा वर्षांचं अंतर. फ्रान्सिस म्हटलं की आम्हां गोंयकारांच्या डोळ्यांसमोर जुन्या गोव्याचा ‘गोंयचो सायब’च येणार. इंग्रजीत या नावाची पुरुषी आणि बायकी स्पेलिंगं वेगळी असतात आणि ही बाई आपलं नाव पुरुषी स्पेलिंगनेच लिहायची. त्यामुळे जुन्या ग्रंथालयांच्या याद्या चाळताना माणूस फसतो.

दोघींचा जन्म पूर्वेकडच्या ऑन्टॅरिओ प्रांतातला. वडील जेम्स बेनन, आई रिबेका. दोघंही कडक मेथॉडिस्ट. दारूचं नाव घरात निघायचं नाही, आणि देवाचा धाक मुलांना जेवणाबरोबरच वाढलेला. १८८९ साली हे कुटुंब मॅनिटोबा प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात हार्टनी नावाच्या गावाजवळ शेती करायला आलं. लिलियन तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि फ्रान्सिस पाच.

प्रेअरी हा शब्द आपण शाळेच्या भूगोलात पाठ केला, पण तो डोळ्यांसमोर आणणं आपल्याला जड जातं. एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला दर्या, मधल्या चिंचोळ्या पट्टीत आपली घरं. एकाच्या घरात मासळी तळली की वास दुसऱ्याच्या सोप्यावर. तिथे डोंगर नाही, की झाडांची दाटी नाही. नजर जाईल तिथवर सपाट गवताळ माळ आणि वर तेवढंच मोठं आभाळ. सरकारने हा माळ चौकटी आखून मोजला आणि १६० एकरांचा एकेक तुकडा वसाहतीला आलेल्यांना दहा डॉलर फी घेऊन दिला. अट एवढीच, की तीन वर्षं तिथे राहायचं, जमीन नांगरायची आणि घर बांधायचं. (ज्यांच्याकडून ती जमीन आधी सोडवून घेतली ते क्री, ओजिब्वे, डकोटा आणि मेटी लोक या हिशेबात कुठेच नव्हते, हेही इथेच सांगितलेलं बरं.) या आखणीमुळे गाव म्हणून गावच तयार झालं नाही. प्रत्येकाचं घर आपापल्या तुकड्यावर, म्हणजे शेजार अर्धा मैल, कधी मैल, कधी त्याहून लांब. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांवर उतरतो आणि बर्फ महिनोन्‌महिने हटत नाही. पुरुष धान्य घेऊन रेल्वे स्टेशनवर जायचा, चार माणसं भेटायची. बाई मात्र घरात, मुलांबरोबर, खिडकीतून पांढरा माळ बघत.

आणि तो १६० एकरांचा तुकडा बाईला मिळत नसे. कुटुंबाचा कर्ता असेल त्यालाच जमीन, असा केंद्र सरकारचा कायदा. विधवा आणि तिच्यावर अवलंबून मुलं, अशी स्थिती असेल तर बाई ‘कर्ती’ ठरायची. एरवी अविवाहित मुलीला नाही, लग्न झालेलीला तर नाहीच. कालपरवा बोटीतून उतरलेल्या एकवीस वर्षांच्या पोराला जमीन मिळे, आणि त्याच मातीत लहानाची मोठी झालेल्या, नांगर धरू शकणाऱ्या मुलीला मिळत नसे. पुढची गोष्ट याहून वाईट. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात नवऱ्याच्या स्थावरात बायकोचा जो हिस्सा धरला जाई, तो या प्रांतांत १८८० च्या दशकात रद्द करून टाकला होता. जमिनीचे व्यवहार सुटसुटीत व्हावेत म्हणून! म्हणजे पंधरा-वीस वर्षं बायकोने गायी-कोंबड्या सांभाळल्या, मळणीच्या वेळी वीस-वीस माणसांचं रांधलं, आणि एक दिवस नवऱ्याने तिला न विचारता घरासकट शेत विकलं, तर तिला कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. मृत्युपत्रात तिचं नावही न घालण्याची त्याला मुभा होती.

बेनन बहिणी या सगळ्यात वाढल्या. त्यांच्या आईचं नेमकं काय झालं याविषयी मी काही कल्पित लिहिणार नाही. पण पुढे दोघींनी ज्या विषयांवर आयुष्य घातलं ते विषय त्या माळावरचेच होते, एवढं तर उघड दिसतं.

लिलियन लहानपणच्या एका दुखापतीमुळे आयुष्यभर थोडी लंगडत चाले. ती शिकली, शिक्षिका झाली, पुन्हा शिकली, आणि १९०५ साली मॅनिटोबा विद्यापीठाची बी.ए. झाली. त्या काळी तिथे पदवी घेतलेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. १९०६ मध्ये विनिपेगच्या ‘मॅनिटोबा फ्री प्रेस’ या वर्तमानपत्राचे संपादक जॉन डेफो यांनी तिला आपल्या साप्ताहिक आवृत्तीत घेतलं. काम काय, तर बायकांचं पान. पाककृती, शिवण, डाग कसे काढावेत वगैरे. ‘लिलियन लॉरी’ या टोपणनावाने ती ते पान चालवू लागली.

या ‘बायकांच्या पाना’ला आपण उगाच हसतो. साप्ताहिक आवृत्ती मुख्यत्वे खेड्यापाड्यांत जायची. आठवड्यातून एकदा टपाल आणायला कोणी स्टेशनवर गेलं की ते घरी यायचं. लिलियनने पानावर वाचकांच्या पत्रांना जागा दिली आणि पत्रं यायला लागली. लिहिणाऱ्या बायका टोपणनावं घ्यायच्या, कारण नवरा तेच वर्तमानपत्र वाचणार! सुरुवातीला पत्रं मुरंब्याची आणि मुलांच्या खोकल्याची असत. मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. दारू पिऊन मारणारा नवरा, जवळ ना डॉक्टर ना सुईण अशी बाळंतपणं, विकलेलं शेत, मनाविरुद्ध येणारं एकाकीपण. एकीचं पत्र वाचून दुसरी लिहायची. अर्ध्या-अर्ध्या मैलावर विखुरलेल्या, कधी एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या बायकांना त्या पानावर शेजार मिळाला. आपल्याकडे विहिरीवर नाहीतर पाणवठ्यावर जे बोललं जातं ते तिथे छापून यायचं.

ही पत्रं वाचूनच लिलियनच्या डोक्यात पक्कं बसलं, की सहानुभूतीने भागणार नाही, कायदा बदलायला हवा. १९१० च्या सुमारास शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात खेड्यांतल्या गृहिणींची मंडळं उभी राहू लागली, तेव्हा ती गावोगाव भाषणं देत हिंडली. बायकोच्या हिश्श्याचा कायदा परत आणावा म्हणून तिने लिहिलं, अर्ज केले, शिष्टमंडळं नेली. सरकारने दर वेळी गोड बोलून वाटेला लावलं. मतदार नसलेल्या माणसाचं सरकार ऐकत नाही, एवढी साधी गोष्ट त्या फेऱ्यांतून तिला कळली. १९११ साली तिने व्हर्नन थॉमस या पत्रकाराशी लग्न केलं. तोही ‘फ्री प्रेस’मध्येच. त्याचं नाव लक्षात ठेवा.

फ्रान्सिसही आधी शिक्षिका झाली. मग विनिपेगला येऊन ईटन कंपनीच्या मोठ्या दुकानाच्या जाहिरात विभागात लागली. १९१२ मध्ये तिला ‘ग्रेन ग्रोअर्स गाइड’ या साप्ताहिकाच्या स्त्री विभागाचं संपादकपद मिळालं. हे शेतकरी संघटनेचं पत्र. रेल्वे कंपन्या, धान्याचे दलाल आणि बँका यांच्याशी भांडणारं. त्याची जुनी पानं आता संगणकावर बसल्या जागी वाचता येतात. मी महिनाभर रोज रात्री थोडी थोडी वाचत गेले. दोघी बहिणींच्या लिहिण्यातला फरक लगेच कळतो. लिलियन माणसं जोडत जाते, समोरच्याला न दुखवता आपल्या बाजूला आणते. फ्रान्सिस धारदार. ती मुलांचं पानही ‘डिक्सी पॅटन’ या नावाने लिहायची आणि तिथे कमालीची प्रेमळ. पण आपल्या सदरात मोठ्यांशी बोलताना ती गूळ लावत नाही. आईपणाच्या गोडव्यात गुंडाळून बायकांना घरात बसवणाऱ्यांची तिने जी खिल्ली उडवली आहे ती आजही ताजी वाटते. अविवाहित मुलींनाही जमीन मिळावी यासाठी तिच्या सदरातून मोहीम चालली, हजारो सह्यांचा अर्ज ओटावाला गेला. केंद्र सरकार ढिम्म हललं नाही.

१९१२ मध्येच विनिपेगमध्ये ‘पोलिटिकल इक्वॅलिटी लीग’ स्थापन झाली. राजकीय समतेसाठीची संघटना. लिलियन तिची पहिली अध्यक्ष. फ्रान्सिस होती, नेली मॅक्लंग होती, शेतीमालाच्या बाजारावर लिहिणारी कोरा हिंड होती, डॉ. मेरी क्रॉफर्ड होत्या, आमदार फ्रेड डिक्सनसारखे पुरुषही होते. बहुतेक जणी पत्रकार. त्यामुळे या चळवळीला मोर्चांपेक्षा नाटकाचं अंग जास्त.

त्या नाटकाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॅनिटोबाचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, होते सर रॉडमंड रॉब्लिन. गृहस्थ रुबाबदार, बोलायला गोड. २७ जानेवारी १९१४ ला लीगचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं. त्यांनी बायकांची स्तुती करकरून मागणी फेटाळली. स्त्री ही घराची देवता, तिला राजकारणाच्या चिखलात कशाला ओढायचं, हा तो सनातन युक्तिवाद. नेली मॅक्लंग समोर उभी राहून त्यांचे हातवारे, त्यांचे शब्द, त्यांचं टाचांवर झुलणं डोक्यात साठवत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉकर थिएटरमध्ये ‘बायकांची विधानसभा’ भरली! पडदा वर गेला तर सगळे आमदार बायका, आणि पुरुषांचं एक शिष्टमंडळ मताच्या हक्कासाठी अर्ज घेऊन आलेलं. मुख्यमंत्रिणीच्या भूमिकेत नेली. तिने त्या पुरुषांच्या देखणेपणाची स्तुती केली आणि समजावून सांगितलं, की पुरुषांना राजकारणात आणलं तर त्यांची मनं अस्थिर होतील, घरं मोडतील, त्यापेक्षा शेत बरं. सभागृह हसून हसून लोटपोट. असं प्रहसन आधी व्हँकूव्हरला झालं होतं. विनिपेगला ते करायचं ही कल्पना लिलियनची मानली जाते. टाळ्या नेलीला मिळाल्या, आणि तिचं काम तसं होतंही. ते थिएटर आज बर्टन कमिंग्स थिएटर या नावाने उभं आहे.

पुढच्याच वर्षी नव्या विधानभवनाच्या बांधकामातला पैशांचा घोटाळा बाहेर आला आणि रॉब्लिन यांना राजीनामा द्यावा लागला. लिबरल पक्षाचे टोबायस नॉरिस सत्तेवर आले. ते म्हणाले, बायकांना खरंच मत हवं असेल तर सह्या आणा. लीगने जवळजवळ चाळीस हजार सह्या आणल्या. शिवाय अमेलिया बरिट नावाच्या नव्वदी ओलांडलेल्या आजीबाईंनी एकटीने चार हजारांवर गोळा केल्या. नेली मॅक्लंग १९१४ च्या शेवटी नवऱ्याच्या बदलीमुळे एडमंटनला राहायला गेली होती. हे शेवटचं कष्टाचं काम मागे राहिलेल्या बायकांनी उरकलं.

आता मसुद्यातली ती खोच. जानेवारी १९१६. विधेयक तयार झालं. फ्रान्सिसने ते वाचलं आणि तिच्या लक्षात आलं, की यात बायकांना मत देण्याचा हक्क आहे, पण विधानसभेवर निवडून जाण्याचा नाही. लिलियन त्या दिवशी ब्रँडन शहरात शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला गेली होती. फ्रान्सिसने तिला टेलिफोन लावला. सरकारला निरोप गेला : मसुदा दुरुस्त करा, नाहीतर आत्ता या अधिवेशनात, शेकडो शेतकऱ्यांसमोर, ही गोष्ट जाहीर होईल. मसुदा दुरुस्त झाला. २८ जानेवारी १९१६ ला कायदा झाला, त्या नाटकाला बरोब्बर दोन वर्षं झाली त्या दिवशी. कॅनडात बायकांना मत देणारा मॅनिटोबा हा पहिला प्रांत.

एका कलमाने काय एवढं बिघडणार होतं, असं कोणाला वाटेल. आपल्याकडे बघा. मुंबई इलाख्याने १९२१ मध्ये बायकांना मत दिलं, पण कौन्सिलात बसायची परवानगी मिळायला १९२६ उजाडावं लागलं. हार्टनीच्या मुलींनी एका टेलिफोनवर तेवढी वर्षं वाचवली.

दोघींच्या आयुष्यातला हा कळस. इथेच थांबता आलं असतं तर त्यांचेही पुतळे उभे राहिले असते.

पण १९१४ पासून महायुद्ध चालू होतं. विनिपेग हे अठरापगड शहर. रेल्वेने आणलेले युक्रेनियन, पोल, जर्मन, ज्यू. यांतले बरेच युक्रेनियन मुळात ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून आलेले, म्हणून कागदोपत्री ‘शत्रुराष्ट्राचे’. या युद्धात कॅनडाने साडेआठ हजारांहून अधिक माणसांना छावण्यांत डांबलं, त्यांत बहुसंख्य हेच. बायकांना मत देणाऱ्या त्याच नॉरिस सरकारने १९१६ मध्येच मॅनिटोबातल्या द्वैभाषिक शाळांचा कायदा मोडला. फ्रेंच, जर्मन, पोलिश, युक्रेनियन मुलांना आपल्या भाषेतून मिळणारं शिक्षण बंद झालं. बेळगावकडच्या वाचकांना यावर माझ्या टिप्पणीची गरज पडू नये.

डिसेंबर १९१६ मध्ये पंतप्रधान बोर्डन पश्चिमेच्या दौऱ्यावर आले तेव्हा नेली मॅक्लंग त्यांना भेटली आणि तिने सुचवलं, की केंद्राच्या निवडणुकीत सध्या फक्त ब्रिटिश आणि कॅनेडियन जन्माच्या बायकांना मत द्यावं. तिची बाजूही समजून घ्यायला हवी. तिचा मुलगा आघाडीवर होता. आपली मुलं तिकडे मरताहेत आणि इथे मतपेटी परक्यांच्या हाती जाते आहे, ही तेव्हा लाखो आयांची भावना होती. आणि सगळ्यांना एकदम मिळत नसेल तर निदान आपल्यांना तरी मिळो, हा व्यवहारही त्यात होता.

नेली ही चळवळीची लाडकी, शिवाय मैत्रीण. फ्रान्सिसने महिनाही जाऊ दिला नाही. वर्ष संपण्याआधीच तिने आपल्या सदरात नाव घेऊन, उघडपणे विरोध केला. जन्म कुठे झाला ते बघून हक्क वाटायचा असेल तर ती लोकशाही नव्हे, अशी तिची भूमिका. स्त्री म्हणून मत मागायचं आणि मिळायची वेळ आली की बाकीच्या स्त्रियांना दाराबाहेर ठेवायचं, हे तिच्या गळी उतरेना. नेलीचा मोठेपणा असा, की तिने सूचना मागे घेतली, आणि तसं ‘गाइड’ला कळवलंही.

ही टक्कर मला त्या नाटकाहून मोठी वाटते. रॉब्लिन साहेबांची नक्कल करायला हिंमत लागते खरी, पण टाळ्या वाजवणारं सभागृह आपलंच असतं. आपल्याच सभागृहातल्या मैत्रिणीला चारचौघांत ‘तू चुकतेस’ म्हणायचं, तेही युद्ध चालू असताना, तेव्हा टाळी कोण वाजवणार?

जानेवारी १९१७ मध्ये फ्रेड डिक्सन विधानसभेत बोलायला उभा राहिला. सरकारने माणसांची सक्तीची नोंदणी चालवली होती, आणि तिच्या मागोमाग सक्तीची लष्करभरती येणार हे दिसत होतं. डिक्सनने कडाडून विरोध केला. सभागृहातून शिव्या आल्या. बातमी घ्यायला आलेला व्हर्नन थॉमस उठला, सभागृह ओलांडून गेला आणि त्याने डिक्सनचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. एवढंच. ‘फ्री प्रेस’ सक्तीच्या भरतीच्या बाजूचा. व्हर्ननची नोकरी गेली. विनिपेगमध्ये दुसरीकडे कोण ठेवणार? तो न्यूयॉर्कला गेला आणि लिलियन अकरा वर्षं चालवलेलं पान सोडून त्याच्यामागे गेली.

फ्रान्सिस मागे राहिली, पण फार दिवस नाही. तिच्या सदरातून युद्धाविषयी, अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याविषयी, झुंडीच्या देशभक्तीविषयी प्रश्न येत राहिले. संपादक जॉर्ज चिपमन आणि ती यांचं सक्तीच्या भरतीवर पटेना. वाचकांची पत्रंही आता वेगळी येऊ लागली. ज्यांची मुलं आघाडीवर होती त्या शेतकरणींना तिचं लिहिणं झोंबणार, हे साहजिक आहे. जून १९१७ च्या अखेरीस तिचं शेवटचं सदर छापून आलं आणि तीही न्यूयॉर्कला बहिणीकडे निघाली. कायदा झाला तो जानेवारी १९१६ मध्ये. तिथून मोजले तर पुरते अठरा महिनेही झाले नव्हते.

सप्टेंबर १९१७ मध्ये बोर्डन सरकारने युद्धकाळातल्या निवडणुकांचा कायदा केला. सैनिकांच्या आया, बायका, बहिणी, मुली यांना मत मिळालं. आणि शत्रुराष्ट्रांत जन्मून १९०२ नंतर कॅनडाचे नागरिक झालेल्यांचं मत काढून घेतलं. ज्या वाटणीला फ्रान्सिसने नऊ महिन्यांपूर्वी अडवलं होतं तीच, अधिक उघडीवाघडी, कायदा होऊन आली. तेव्हा तिच्या हातात सदर नव्हतं.

‘सगळ्या बायका’ म्हणताना या चळवळीच्या डोळ्यांना खरोखर कोण दिसत होतं, हा प्रश्न बेनन बहिणींनाही विचारता येतो. मॅनिटोबातल्या राखीव क्षेत्रांतल्या आदिवासी बायकांना प्रांताचं मत १९५२ मध्ये मिळालं, केंद्राचं १९६० मध्ये. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आपल्या हिंदी लोकांचा, पुरुषांचासुद्धा, मताधिकार १९०७ मध्ये काढून घेतला होता, तो परत यायला १९४७ साल उजाडलं.

न्यूयॉर्कला फ्रान्सिसने बंदरावर उतरणाऱ्या खलाशांसाठी काम करणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेत नोकरी धरली आणि तिचं मासिक सांभाळलं. जगभरचे तारवटी तिथे यायचे. गोव्याच्या वाचकाला ‘तारवटी’ आणि त्यांची कूड म्हणजे काय ते समजावून सांगायला नको.

१९१९ मध्ये तिची एकुलती एक कादंबरी लंडनला छापली गेली. नाव ‘ॲलेटा डे’. मॅनिटोबाच्या शेतावर कडक धार्मिक घरात वाढलेली मुलगी, पुढे विनिपेगमध्ये पत्रकार, मताधिकारवादी आणि युद्धविरोधी. तिचं प्रेम बसतं ते नेमकं विरुद्ध मताच्या माणसावर, आणि तो सैन्यात जातो. युद्धविरोधी सभेत झालेल्या मारहाणीतून ॲलेटा वाचत नाही. कादंबरी म्हणून ती थोर आहे असं मी म्हणणार नाही. मधली पानं भाषणासारखी होतात, प्रेमकथा अवघडलेली आहे. पण सुरुवातीचे शेतावरचे भाग जरूर वाचावेत. छडी आणि नरकाची भीती दाखवून मुलांना वळण लावलं, की ती मोठेपणी कोणत्याही गणवेशापुढे, कोणत्याही मोठ्या आवाजापुढे मान तुकवतात, हे तिने स्वतःचं बालपण खरवडून दाखवलं आहे. महायुद्धाची मुळं राजेरजवाड्यांच्या तहांत न शोधता स्वयंपाकघरातल्या फटक्यात शोधणारी त्या काळातली दुसरी कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही.

युद्ध संपल्यावर काही वर्षांनी लिलियन आणि व्हर्नन विनिपेगला परतले. दार उघडायला लोक तयार होते, युद्धाचा ताप उतरला होता. १९१८ मध्ये मॅनिटोबाने बायकोच्या हिश्श्याचा कायदा केला होता. ज्यासाठी लिलियनने लिहायला सुरुवात केली तो कायदा ती परगावी असताना झाला. तिने पुन्हा राजकारणात उडी घेतली नाही. गोष्टी लिहिल्या, लेखन शिकवलं, रंगभूमीसाठी नाटकं लिहिली. तिची ‘जिम बार्बर्स स्पाइट फेन्स’ ही एकांकिका शेजाऱ्याच्या खोडीसाठी घातलेल्या कुंपणाची गोष्ट सांगते. कुंपणावरून भांडण म्हटल्यावर गोव्यात ती रंगेल यात शंका नाही, कोणीतरी रूपांतर करावं. १९४६ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तिची ‘न्यू सीक्रेट’ ही कादंबरी आली.

फ्रान्सिस मात्र अमेरिकेतच राहिली. ना नवं पुस्तक, ना जुन्या धारेचं सदर. आयुष्याच्या अगदी अखेरीला ती विनिपेगला परतली आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये तिथेच वारली. लिलियन तिच्यामागे दहा वर्षं जगली. सप्टेंबर १९६१ मध्ये ती गेली तेव्हा सत्त्याऐंशीव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते.

‘ॲलेटा डे’ जवळजवळ सत्तर वर्षं कोणी छापली नाही. १९७० च्या दशकात कॅनडातल्या इतिहासकारांनी ‘गाइड’ची जुनी बाडं उघडली तेव्हा त्यांना ही बाई सापडली, आणि १९८८ मध्ये लंडनच्या व्हिरागो प्रकाशनाने, जे बायकांची विसरलेली पुस्तकं छापायचं, ती कादंबरी पुन्हा बाजारात आणली.